बाई, तुम्ही उपाशी गेलात

बाई, तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. शेजारची नंदा रोज सांगते, "लता, मोकळी हो जरा." मोकळं व्हायला आत दुःख असावं लागतं. माझ्या आत सध्या नुसता राग आहे. तुमच्या नाश्त्याच्या गटातल्या लोकांचा आहे, माझा स्वतःचा आहे, आणि सगळ्यात जास्त तुमचा आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राग आलाय ना? मग पूर्ण वाक्यात सांग." तर सांगते. पूर्ण वाक्यात.

पाच वर्षांपूर्वी आपली ओळख झाली तीच मुळी कटकटीने. माझा नवरा विलास खराडीतल्या एका इमारतीच्या परांचीवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं, आणि वाशीमहून पोट भरायला पुण्यात आलेले आम्ही येरवड्याच्या वस्तीतल्या एका खोलीत अडकलो. मी खराडीलाच एका कंपनीत फरशा पुसायला जायची. सकाळी आठला हजेरी. घरात एक भाकरी असली तर ती आधी विलासला, मग दोन्ही मुलींना. नंदाने सांगितलं, समाजमंदिराच्या ओट्यावर कोणी मास्तरीणबाई येतात, सकाळी गरम नाश्ता देतात, फुकट. मी मुलींना घेऊन आले. पांढरे केस, सुती साडी, हातात डाव घेऊन तुम्ही उभ्या होतात. मी तीन-चार वेळा रांगेतून मागे सरकले. फुकट घेण्याची सवय नव्हती.

"किती जण?" तुम्ही विचारलंत.

"दोन मुली."

"आणि तू?"

"मी खाऊन आलेय."

"काय खाल्लंस?"

मी धाकटीच्या वेण्या नीट करायला लागले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "खोटं बोलायचं तर घरून ठरवून यावं. बस तिथे."

बसले. उपीट होतं. तुम्ही समोर उभ्या राहून बघत होतात, मी घास गिळते की नाही ते. इतका अपमान वाटला होता मला, बाई. मूल खात नाही म्हणून आई समोर बसते तशा तुम्ही मोठ्या बाईसमोर उभ्या. आणि तुमचा तो नियम! खायचं ते इथेच बसून. डबा न्यायचा नाही. पिशवी नाही, कागद नाही, पदर नाही. जिला पाहिजे तिने बसावं, पोटभर खावं, पुन्हा मागावं, पण ओट्याबाहेर एक घास जाणार नाही.

मला वाटायचं, ही शाळेतली हेडमास्तरीण निवृत्त झालीय, पण हिची छडी काही निवृत्त झालेली नाही.

महिनाभरात तो दिवस आला. विलासला ताप होता. घरात खरंच काही नव्हतं. मी दोन इडल्या पदराखाली घेतल्या आणि उठले. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "लता, पदर सोड."

नंदा बघत होती. माझ्या मुली बघत होत्या. मी त्या इडल्या ताटलीत आपटल्या आणि मुलींना ओढत घरी आले. आठ दिवस ओट्याकडे फिरकले नाही. मुलींनाही पाठवलं नाही. माझ्या मानापायी त्या आठ दिवस कोऱ्या चहावर शाळेत गेल्या, आणि त्याचंही खापर मी मनातल्या मनात तुमच्यावरच फोडलं.

नवव्या दिवशी तुम्ही घरी आलात. हातात काही नाही, पिशवी नाही, फळं नाहीत. चपला बाहेर काढल्यात, खाली फरशीवर विलासच्या अंथरुणाशेजारी बसलात आणि त्याला विचारलंत, "कूस कोण बदलतं तुमची?" तो म्हणाला, "हीच." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "उद्यापासून सहाला मदतीला ये. वाढणाऱ्याला डबा न्यायची मुभा आहे."

"हा नियम कधी केलात?"

"आत्ता."

तुम्ही माफी मागितली नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरच्या वर्षांतही नाही. मी वाट बघायची. एकदा तरी म्हणाल, लता, ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण तुम्ही फक्त नियम बदललात, तोही माझ्यापुरता. मी तुमच्याबरोबर कांदे चिरायला लागले, मग फोडणी, मग फरशांचं काम सुटल्यावर सगळंच. आणि जी बाई दोन इडल्यांसाठी तुमच्यावर चिडली होती तीच समोर उभी राहून दुसऱ्या बायांना सांगायला लागली, ताई, डबा नाही हं, बसून खा. ते सांगताना माझी जीभ जड व्हायची. तुम्हाला ते दिसायचं.

आपण त्यावर किती भांडलो! मी म्हणायची, "बाई, प्रत्येकीच्या घरी कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असेल, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेलं असेल. त्यांनी काय करायचं?" तुम्ही म्हणायचात, "तो पुरुष असेल तर त्याचं पोट कोणीतरी भरेलच. मला त्याची काळजी नाही." मी म्हणायची, "मग आमच्या खोलीत कशाला येऊन बसला होतात?" त्यावर तुम्ही कोथिंबीर निवडायला लागायचात.

एकदाच सांगितलंत खरं. भाज्या आल्या नव्हत्या, आपण दोघी नुसत्या बसलो होतो. तुमच्या शाळेत एक मुलगी प्रार्थनेला उभ्या उभ्या कोसळली. तुम्ही तिला रोज स्वतःचा डबा द्यायला लागलात. पंधरा दिवसांनी ती पुन्हा कोसळली, कारण डबा ती घरी आईला नेत होती. मग तुम्ही आईला द्यायला लागलात, तर आई तो मुलीच्या भावांना देत होती. "तेव्हा ठरवलं," तुम्ही म्हणालात, "दोघींना एका वेळी, माझ्या डोळ्यांसमोर. घरी गेलेल्या अन्नात बाईचा वाटा नसतो, लता. मी तीस वर्षं पाहिलंय."

तुमचं बरोबर होतं. माझंही चूक नव्हतं. ते भांडण तसंच राहिलं आणि आता तुम्ही ते अर्धवट टाकून निघून गेलात. हे बरं केलंत!

एक गोष्ट मीही कधी बोलले नाही. त्या पहिल्या दिवशी, अपमानाने कान तापलेले असताना, मी उपीट तीनदा घेतलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या ताटलीत कोणी मला न विचारता वाढलं होतं. हे सांगायचं राहिलं. वाटायचं, सांगितलं तर तुम्ही जिंकाल.

आता त्या शनिवारचं.

शनिवारी गटातली नोकरदार मंडळी येतात. खराडी-हिंजवडीतली मुलं-मुली, एकसारखे टीशर्ट, छातीवर गटाचं नाव. वाईट नाहीत ती. पातेली उचलतात, मुलांशी खेळतात. पण हातातला फोन खाली राहत नाही. तुमचा दुसरा नियम त्यांना पाठ होता: खाणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही. मागे एकाने काढला तर तुम्ही त्याला म्हणाला होतात, "तुमच्या घरी जेवताना कोणी येऊन काढलाय का असा? पत्ता द्या, मी येते." तो पोरगा नंतर महिनाभर तुमच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्या शनिवारी शिरा होता. कोणाचा तरी वाढदिवस म्हणून साखर सढळ हाताने पडली होती. आठ वाजून गेले असतील. एका मुलीने रांगेतल्या मुलांसोबत सेल्फी काढला, मग सगळ्यांचा मिळून एक ग्रुप फोटो ठरला. मी तुमच्याकडे पाहिलं, आता तोफ सुटणार म्हणून. तुम्ही नुसत्या पायरीवर बसून राहिलात. कपाळावर घाम होता. कोणीतरी म्हणालं, "बाई, इकडे बघा ना!" आणि तुम्ही बघितलंत, बाई. शहाण्या मुलीसारखं बघितलंत.

आणि मला काय वाटलं, सांगू? मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, नरमल्या एकदाच्या. वयाने का होईना, हट्ट सुटतोय.

फोटो निघाला. तुम्ही उठायला गेलात, पाय सरकला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "इन्सुलिन घेतल्यावर काही खाल्लं नव्हतं का यांनी?" मी म्हटलं, "त्या घरून खाऊन येतात." तेवढ्यात तुमच्या धाकट्या बहीण वसुधाताई पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छे हो. घरी चहासुद्धा घेत नाही ती. साडेपाचला इंजेक्शन घेते आणि पहिली बस पकडते. म्हणते, तिथे गरम गरम मिळतं, तिथेच खाते सगळ्यांबरोबर."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

कारण मीही विचारलं होतं तुम्हाला. अगदी नाही असं नाही. दोन-तीनदा म्हटलं होतं, बाई, तुम्ही घ्या ना थोडं. तुम्ही म्हणालात, "मी घरून करून आलेय, तुमचं बघा." आणि मी ऐकलं. मी! जिला तुम्ही खोटं बोलताना पहिल्याच दिवशी पकडलं होतंत. मी उलटून विचारलं नाही, काय खाल्लंत म्हणून. बहिणीला एक खोटं, मला दुसरं. दोन्ही नीट ठरवून. सहा वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघणारी बाई स्वतः काय खाते, हे एवढ्या माणसांत एकालाही दिसलं नाही. तुमच्यापासून तीन हातांवर शिऱ्याचं पातेलं होतं. एक चमचा, बाई. एक चमचा पुरला असता.

का केलंत असं? वेळ मिळत नव्हता म्हणाल, तर ते मी मानणार नाही. एक ताटली खायला पाच मिनिटं लागतात. आमच्यातलं एक ताट आपल्यामुळे कमी होईल असं वाटायचं? की आपण देणाऱ्या, आपण कसं बसायचं रांगेत, असं होतं काही? हा प्रश्न मला झोपू देत नाही. पहिलं कारण असेल तर तुम्ही आमच्यातल्याच एक निघालात, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, आणि मग आम्हाला शिकवलंत ते कशाला? दुसरं कारण असेल तर मला त्याचा जास्त राग येईल. तुम्ही तीन दिवस बेशुद्ध होतात. उत्तर देऊन गेला नाहीत.

तुमच्या शोकसभेला मी गेले होते. गटाने शहरात हॉल घेतला होता. तुमचा मोठा फोटो. तोच, शनिवारचा! तुम्हाला कापून वेगळं काढलेलं, घाम दिसू नये म्हणून चेहरा उजळ केलेला. भाषणं झाली. सेवेची मूर्ती. अन्नपूर्णा. कर्तव्य करता करता आलेलं भाग्याचं मरण. भाग्याचं! मग निवेदन करणारी म्हणाली, "आता आपल्या लाभार्थी भगिनी लताताई दोन शब्द बोलतील."

लाभार्थी. पाच वर्षं पहाटे उठून त्यांचे कांदे चिरले, आणि माझं नाव लाभार्थी.

मी माईक घेतला. तुम्ही शिकवलंय, आवाज चढवायचा नाही, शब्द स्पष्ट ठेवायचे. म्हटलं, "मी लाभार्थी नाही, तिथली स्वयंपाकीण आहे. आणि तुम्ही सगळे म्हणताय बाई सेवा करता करता गेल्या. बाई उपाशी गेल्या. इंजेक्शन घेऊन, पोटात काही नसताना दोन तास वाढत होत्या, आणि आपण सगळे तिथे होतो. हा जो फोटो लावलाय ना, तो काढला तेव्हा त्यांची साखर उतरत होती. त्या हसत नाहीयेत त्यात. त्यांना आपण दिसत नव्हतो."

पहिल्या रांगेत वसुधाताई बसल्या होत्या, त्या उठून बाहेर निघून गेल्या. गटाचे अध्यक्ष आले, हळूच माझ्या हातातून माईक घेतला, म्हणाले, "ताईंच्या भावना आपण समजू शकतो." आणि पुढच्याच वाक्यात जाहीर केलं, की बाईंना आदरांजली म्हणून नाश्त्याचा उपक्रम महिनाभर बंद राहील, नंतर नव्या स्वरूपात सुरू होईल.

बाई, ऐकताय ना? तुमच्या आदरासाठी पोरांनी महिनाभर उपाशी शाळेत जायचं.

बसने वस्तीत आले ती थेट नंदाच्या दारात. "उद्या करायचा," म्हटलं. नंदा म्हणाली, "कशात? भांडी समाजमंदिराच्या खोलीत, कुलूप त्यांचं." मी म्हटलं, "घरात पातेली नाहीत का आपल्या?"

दुसऱ्या दिवशी सहाला अकरा बाया आल्या. कोणी स्टोव्ह, कोणी शेगडी, कोणी कढई. प्रत्येकीने घरातले असतील ते वाटीभर पोहे आणले होते. जाडे, पातळ, दगडी, एकीने तर चुरमुरेच. सगळे एकात भिजवले, त्याचा लगदा झाला. तुम्ही चव घेऊन म्हणाला असतात, "पोहे आहेत की भिंतीला लावायचं काही?" पण रांग लागली आणि सगळं संपलं. ज्या वाढत होत्या त्यांनी आधी खाल्लं. मी प्रत्येकीला ताटली हातात देऊन बसवलं आणि समोर उभी राहिले. नंदा म्हणाली, "बाईंचं भूत शिरलंय हिच्यात." मी म्हटलं, "बाईंना हे जमलं नव्हतं. हे माझं आहे."

आणि तुमचा नियम मी मोडला. सांगून टाकते. आधी इथे बसून खायचं, ते तसंच ठेवलंय. पण स्वतःचं पोट भरल्यावर जिला घरी न्यायचं आहे तिने डबा पुढे करावा. कोणासाठी, ते विचारणार नाही. पदर सोड असं या ओट्यावर कोणी कोणाला म्हणणार नाही. तुम्हाला पटणार नाही. दोन-तीन बाया अर्धवट खाऊन डबा भरून नेतात, हे मला दिसतंय. त्यावर काय करायचं, अजून सुचलेलं नाही. भांडायला तुम्ही हव्या होतात.

चौथ्या दिवशी वसुधाताई आल्या. रिक्षातून उतरल्या आणि ओट्याच्या खाली उभ्या राहिल्या. शोकसभेनंतर पहिल्यांदाच समोर येत होत्या. बाया कामं सोडून बघायला लागल्या.

"तुम्ही चारचौघांत मला गुन्हेगार ठरवलंत," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव घेतलं नाही मी."

"घ्यायची गरज नव्हती. एका घरात राहत होतो आम्ही दोघी. तिचं इंजेक्शन फ्रीजमध्ये माझ्या दुधाशेजारी असायचं. मी झोपलेली असायचे, लताताई. ती दार हळूच लोटून जायची, माझी झोप मोडू नये म्हणून."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. खरंच. पण माझ्याकडे तरी काय होतं सांगायला? त्या झोपलेल्या होत्या. मी जागी होते, तुमच्या शेजारी उभी होते.

"मीही बरं म्हणून सोडून दिलं," मी म्हटलं. "त्या म्हणाल्या खाल्लंय, मी मान्य केलं. तुमच्यापेक्षा माझं जास्त चुकलं."

त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली. भांड्यांच्या खोलीची, तुमची. अध्यक्षांनी फोन करून मागितली होती म्हणाल्या, पण दिली नाही. मग साडीचा पदर खोचून त्या खाली बसल्या आणि विळी पुढे ओढली. पेठेतल्या फ्लॅटमध्ये विळी कधी वापरली होती कोण जाणे. कांद्याच्या एवढाल्या फोडी केल्या. नंदा म्हणाली, "ताई, हे कांदे आहेत, कलिंगड नाही." त्या आधी दचकल्या, मग हसल्या, आणि हसता हसता जे रडायला लागल्या ते थांबेचनात. नंदाने विळी त्यांच्यापुढून बाजूला घेतली. कोणी त्यांना उगी उगी केलं नाही. रांग लागायला लागली होती.

त्या आता गुरुवारी येतात. गटाच्या त्या टीशर्टवाल्या मुलांपैकी तिघं येतात, घरच्या कपड्यात, अध्यक्षांना न सांगता. फोटो काढणारी मुलगीही त्यांत आहे. तिने पहिल्या दिवशी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, जाताना द्या." सहा दिवसांचा नाश्ता चार दिवसांवर आलाय. त्याहून जास्त आम्हाला झेपत नाही. उरलेले दोन दिवस पोरं काय खातात, मला ठाऊक आहे. त्याचाही राग आहे.

विलास म्हणतो, बाईंना माफ कर आता. मी म्हटलं, घाई काय आहे? तुमचं ऋण मला माहीत आहे. माझ्या दोन्ही मुली सरळ उभ्या राहून बोलतात, ते तुमच्यामुळे. मी हे एवढं लिहू शकते, तेही. बारावी झालेली बाई फरशा पुसते याची मला लाज वाटायची, तुम्हाला चीड यायची, आणि त्या चिडीतून तुम्ही मला बालवाडीत शिकवायला लावलंत. सगळं मान्य आहे. तरी राग जात नाही. तो जावा असं मला वाटतही नाही, बाई. तुमच्या आठवणीने जाग आली असती तर उशीत तोंड घालून पडून राहिले असते. साडेपाचला मला तुमचा राग उठवतो, आणि म्हणून सहाच्या आत स्टोव्ह पेटलेला असतो.